ओहोटीवर शिकलेली गाडी

दिवाळी आटोपली की बोईसरच्या नाक्यावर नवे मोटारसायकलवाले दिसू लागतात. कारखान्यांचा बोनस झालेला असतो, रस्ते कोरडे पडलेले असतात, पावसाने केलेल्या खड्ड्यांत कुठे कुठे खडी भरलेली असते. वारा किनाऱ्याकडून आला तर त्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास असतो. कारखान्यांकडून आला तर वास कसला आहे ते सांगता येत नाही. या दोन वासांच्या मधल्या रस्त्यावर माणसे गाडी शिकतात. दर वर्षी शिकतात, याही वर्षी शिकत आहेत.

नवशिक्या ओळखायला त्याचा चेहरा पाहावा लागत नाही. त्याची कोपरे ताठ असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. हँडल त्याने असे धरलेले असते की जरा ढिले सोडले तर कोणी हिसकावून नेईल. गाडी सुरू होऊन बरीच पुढे गेली तरी त्याचे दोन्ही पाय खाली लोंबत असतात. पाय वर घेतले की आपला जमिनीशी संबंध संपला, अशी त्याला धास्ती असते. क्लचवर चारही बोटे कायमची ठेवलेली. गिअर बदलताना तो मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे पाहतो. रस्त्याकडे पाहतो असे त्याला वाटते, पण तो पाहत असतो पुढच्या चाकाकडे. डावीकडे वळून गेल्यावरही त्याचा डावीकडचा दिवा लुकलुकत राहतो, पुढच्या गावापर्यंत.

महिनाभरात यातले बरेचसे जाते. कोपरे ढिली होतात, पाय वर येतात. पण ज्याने त्याने आधी जे काही चालवलेले असते ते मात्र जात नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे फार स्पष्ट दिसे. बोईसरला लागूनच असलेल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा चहूकडून माणसे येत होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरातली ती पहिलीच गाडी होती. डोंगराकडच्या गावांतून आलेला तरुण हँडल स्वतःकडे ओढून धरी, कासरा धरावा तसे, आणि मागे रेलून बसे. उतारावर तर तो तोंडाने बैलांना करायचा आवाजही करी. वसाहतीच्या सरळ रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी शिकलेला कामगार सरळ छान जाई आणि पहिल्याच वळणावर थबके. मुरबे, सातपाटी, एडवण या बाजूचे मच्छीमार तरुण सगळ्यांत वेगळे ओळखू येत. ते किनाऱ्यावर शिकलेले असत.

भरती उतरली की तिकडचा किनारा मैदानासारखा उघडा पडतो. ओली वाळू इतकी घट्ट असते की चाकाची नुसती रेघ उठते. समोरून कोणी येत नाही, मागून कोणी हॉर्न देत नाही. तिथे शिकलेल्या माणसाला ब्रेकची गरज माहीत नसे. थांबायचे असले की तो लांबूनच इंजिन बंद करी आणि उरलेल्या वेगावर तरंगत येई, धक्क्याला होडी लावावी तसा. नाक्यावरचा चहावाला अशा गाडीचा आवाज लांबवर बंद झालेला ऐकला की बाकावरच्या गिऱ्हाइकांना सांगे, "पाय वर घ्या रे. दर्यावरून आला एक. माझी टपरी म्हणजे त्याला बंदर वाटते." गाडी खरोखरच निःशब्द येऊन बाकाला टेके. कधी टेके, कधी बाक हलवी. माणसे हसत. तोही हसे.

मुरब्याचा मोहन त्यातलाच होता. त्याचे वडील जानू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाण ज्याच्या हातात असते तो. मोहन लहानपणापासून बापाबरोबर दर्यात गेलेला, पण लग्नानंतर त्याने रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. घरात हे पहिल्यांदाच होत होते. जानूने अडवले नाही. "दर्या काय पलून जातो? वाटला तर ये परत," एवढेच म्हणाला. मोहनने हिवाळ्यात एक जुनी राजदूत घेतली, किनाऱ्यावर शिकला आणि रोज पाळीला जाऊ लागला.

वैशाखात एका सकाळी मुरब्याहून बोईसरला येताना, खाजण म्हणतात त्या खाऱ्या दलदलीजवळच्या डाव्या वळणावर, समोरून येणाऱ्या बर्फाच्या टेम्पोवर तो आदळला आणि जागीच गेला. तिवरांच्या झाडोऱ्यामुळे त्या वळणावर पलीकडचे काही दिसत नाही. टेम्पो किनाऱ्यावरच्या मासळीसाठी बर्फाच्या लाद्या घेऊन निघाला होता. त्या रस्ताभर सांडल्या. पालघरच्या साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून मी तिथे पोचलो तेव्हा लाद्या वितळून गेल्या होत्या. वैशाखातला रस्ता, दोन्हीकडे धूळ, आणि तेवढाच एक भाग पावसाळ्यातल्यासारखा ओला. टेम्पो आपल्या बाजूला होता. मोटारसायकल पलीकडच्या बाजूला कशी गेली, याचे उत्तर पंचनाम्यात एका शब्दसमूहात असते आणि बातमीतही त्याच शब्दांत येते. वाहनावरील ताबा सुटल्याने. तशी चार ओळींची बातमी आली.

पाऊस संपल्यावर माझे पुन्हा मुरब्याला नियमित जाणे सुरू झाले. सुक्या बोंबलाचा हंगाम होता आणि साप्ताहिक त्याचे भाव छापत असे. किनाऱ्याला लागून बांबूंच्या वलांड्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यावर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ओले असताना ते काचेसारखे दिसतात. दुपारपर्यंत त्यांची कातडी ओढू लागते. संध्याकाळी वारा सुटला की सगळी वलांडी सळसळते, वाळलेल्या पानांसारखी. हजारो जबडे एकमेकांना धरून असतात आणि एकही सुटत नाही.

जानू तांडेल आपल्या वलांडीखाली जाळे विणत बसलेला असे. होडी त्याने पुतण्याच्या हाती दिली होती. भाव विचारून झाले की तो मलाच विचारी. पहिल्या भेटीत त्याने विचारले, "ताबा सुटला मंजे काय झाला?"

मी सांगितले की गाडी आपल्याला हवी तशी जात नाही, तिला वाटेल तिकडे जाते, तेव्हा तसे म्हणतात.

"मोहनच्या हातान?" तो म्हणाला. "वादलात होडी त्याच्या हातात देऊन मी निजलेलो हाय." आणि पुन्हा विणू लागला.

घरात तो, त्याची विधवा बहीण चंद्राबाई, सून विमल आणि तिची लहानगी मुलगी छकुली. मोहनच्या कारखान्याने विमलला पॅकिंगच्या कामावर घेतले. काम मिळाले, पण तिच्या पाळ्या आणि मुरब्याची एसटी यांचे जमेना. सकाळच्या पाळीला पहिली गाडी उशिरा पोचे, दुपारची पाळी सुटेपर्यंत शेवटची निघून गेलेली असे. म्हणून आठवडाभर ती बोईसरला मावशीच्या खोलीत राही आणि सुट्टीला मुरब्याला येई. छकुली तेवढे दिवस चंद्राबाईजवळ. असे फार दिवस चालणार नव्हते. विमलने एक खोली पाहून ठेवली होती. शिमगा झाला की मुलीला घेऊन कायमचे बोईसरला जायचे, जूनमध्ये तिला तिथल्या शाळेत घालायचे, असे तिने सासऱ्याला सांगून टाकले होते. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसरा मार्ग नव्हता.

जानूला मार्ग दिसला. मोहनची गाडी पोलीस ठाण्यातून सुटून आली होती. पुढचे चाक आणि दिवा नवा बसवला होता. आरसा तेवढा बसवायचा राहिला होता. ती अंगणात जुन्या जाळ्याखाली झाकून ठेवलेली होती.

"गाडी हाय," तो मला म्हणाला. "रस्ता हाय. मी हाय. मंग पोरी कशाला जातील?"

त्याचे वय तेव्हा साठीला आले होते. सायकलसुद्धा त्याने कधी चालवली नव्हती.

शिकवायला मोहनच्या पाळीतला रामसूरत आला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून आलेला हा तरुण, कारखान्याच्या रंगामुळे त्याची नखे कायम निळी असत. मोहनवर त्याचा जीव होता. पाळी आटोपून तो एसटीने मुरब्याला येई. पहिल्या दिवशी शिकवून झाल्यावर त्याने विचारले, "कल कितने बजे आऊँ, चाचा?"

"ओहोट लागली का ये."

"वो कितने बजे लगेगी?"

"आज लागली त्याच्या जरा मांगून."

"और परसों?"

"त्याच्या बी मांगून."

रामसूरतने डोक्याला हात लावला. "चाचा, आपका टाइम तो रोज लेट होता है. हमारी कंपनी में होते तो गेट पर ही रोक देते."

"तुमची कंपनी भरतीला बुडत नाय, त्याला मी काय करू?" जानू म्हणाला.

पण रामसूरत आला, जमेल तेव्हा येत राहिला. पाळीचे घड्याळ आणि समुद्राचे घड्याळ ज्या दिवशी जुळे, त्या दिवशी शिकवणी होई. हळूहळू त्याला न विचारता कळू लागले की अमावास्येला किनारा जास्त लांबवर उघडा पडतो.

नवशिक्याच्या खुणा जानूच्या अंगावर फारशा दिसल्या नाहीत. कोपरे ताठ नव्हती, खांदे चढलेले नव्हते, पुढच्या चाकाकडे तर त्याने एकदाही पाहिले नाही. तो लांब पाहत असे. जन्मभर क्षितिजावर नजर ठेवलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही. पण तो गाडीवर तिरका बसे, उजवा खांदा मागे टाकून, होडीच्या मागच्या टोकाला सुकाण काखेशी धरून बसतात तसा. डावा हात त्याच्या नकळत हँडलवरून सुटून मांडीवर येई. रामसूरत शेजारून धावत ओरडे, "दोनों हाथ, चाचा, दोनों हाथ!"

"एका हातान चालते तिला दोन कशाला?"

होडीचे सुकाण डावीकडे ढकलले की होडी उजवीकडे वळते. सुरुवातीला तो हँडलही तसेच उलटे ढकली आणि पडे. पडण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. उठून आधी गाडीची वाळू झटकी, मग स्वतःची. वलांडीखालच्या बायका हातातले बोंबील तसेच ठेवून पाहत. त्यात चंद्राबाई सगळ्यात पुढे. जानू चालता चालता अंग पूर्ण वळवून मागे पाही. आरसा नव्हता म्हणून नव्हे. आरसा असता तरी त्याने तेच केले असते, कारण होडीच्या मागे जाळे असते आणि तांडेल मागे पाहतो तो जाळ्याकडे.

"जानूदादा," चंद्राबाई ओरडे, "मांगे काय बगतंस? जालां टाकलंस काय? काय घावला?"

"तुजा सासरा घावला," तो जाता जाता सांगे, आणि सगळी वलांडी हसे.

त्या हंगामात त्या घरी हसू आले ते असे, ओहोटीच्या वेळी. बाकी वेळ घर गप्प असे. मोहनच्या नावाचा उल्लेख कोणी करत नसे. गाडीला 'मोहनची गाडी' न म्हणता नुसते 'गाडी' म्हणत.

वळण मात्र जानूचे शेवटपर्यंत एकच राहिले. डावीकडे वळायचे असले की तो आधी उजवीकडे जाई, खूप उजवीकडे, आणि मग मोठा घेर घेऊन डावीकडे येई. एवढा मोकळा किनारा असून रामसूरतला ते खटकले. "चाचा, इतना घूम के क्यों? यहीं से मुड़ जाओ."

जानूने गाडी थांबवली आणि खाडीच्या तोंडाकडे बोट केले. पाणी तिथे जरा फिकट दिसत होते.

"तिथं पान्याखाली वालू हाय," तो म्हणाला. "खाडीत शिरताना जवलून वललास का बसली होडी. माज्या बापाच्या देखत दोन होड्या फुटल्या तिथं. आधी भायेर जायाचा, वालू सोडायची, मंग वलायचा. हाताला एकदा सवय लागली पायजे का भायेर जाऊनच वलायचा. मंग झोपेत बी चूक होत नाय."

"यहाँ कौन सी बालू है?"

"इथं नाय," जानू म्हणाला. "हाताला हाय."

रामसूरत हसला. मीही हसलो. बायकांनी काय झाले म्हणून विचारले आणि त्याही हसल्या.

त्या वेळचे आठवताना उजेड फार आठवतो. माघातली दुपार, उघडा पडलेला किनारा, त्यावर पाण्याचा पातळ थर आणि त्या थरात उलटी दिसणारी गाडी आणि उलटा दिसणारा म्हातारा. मोठमोठी अर्धवर्तुळे काढत तो लांब जाई, इतका लांब की आवाज येईनासा होई, आणि मग वळून ठिपक्यासारखा परत येई. भरती चढली की चाकांच्या रेघा पुसून जात. गिअर घालताना आवाज होईनासा झाला. पाय वेळेवर वर येऊ लागले. लायसनही निघाले. परीक्षेला आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. त्याने तो काढला. मैदान मोठे होते.

शिमग्याला अजून अवकाश होता. विमल सुट्टीला आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. जानूने सांगितले, तुला मी सोडतो आणि रात्री न्यायलाही मीच येतो. आता मावशीकडे राहायचे कारण नाही. विमलने गाडीकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि मान हलवली. चंद्राबाईने गाडीपुढे नारळ फोडला, नवी होडी पाण्यात उतरवताना फोडतात तसा. जानूने धुतलेला सदरा घातला होता. विमल एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर डब्याची पिशवी, आणि एक हात मागच्या दांडीला घट्ट धरलेला. सासऱ्याच्या खांद्याला हात लावण्याची रीत नव्हती.

भाव टिपून मलाही बोईसरला जायचे होते. माझी स्कूटर त्यांच्या मागे होती.

गाडी चालवणारा सगळ्यात नीट दिसतो तो पाठीमागून. जानू छान चालवत होता. वेग बेताचा, पाठ सैल, दोन्ही हात जागेवर. शेळ्या आडव्या आल्या तर त्याने लांबूनच ओळखून इंजिन मंद केले. गावाबाहेर बैलगाडी भेटली, तिला त्याने नीट बाजू दिली. मोटारसायकल जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर माणूस बसवून चालवणारा हा साठीचा माणूस आहे, हे कोणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

मग खाजण आले. तिवरांचा झाडोरा आला. वळण डावीकडचे होते.

जानू उजवीकडे गेला. घाईने नव्हे, चुकून नव्हे. रस्त्याचा मध्य ओलांडून तो पलीकडच्या कडेपर्यंत गेला, तिथे क्षणभर सरळ राहिला, आणि मग सुंदर मोठा घेर घेऊन डावीकडे परत आला. गाडी जराही डगमगली नाही. समोरून काही आले नाही. रस्ता रिकामा होता. फक्त विमलचा हात मागच्या दांडीवरून सुटला आणि तिने सासऱ्याचा सदरा खांद्याजवळ मुठीत धरला. बोईसर येईपर्यंत तो तसाच होता.

कारखान्याच्या फाटकापुढे जानूने लांबूनच इंजिन बंद केले आणि गाडी बरोबर फाटकाशी आणून टेकवली. त्याला आनंद झालेला होता. तो अंग वळवून म्हणाला, "आली ना येलेवर?"

विमल उतरली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कोळ्यांच्या रीतीप्रमाणे ती सासऱ्याला मामा म्हणत असे.

"मामा, खाजनाच्या वलनावर तुमी त्या अंगाला का गेला?"

"कवा? मी बराबर वललो."

"छकुलीचे बाबा पन असेच वलायचे," ती म्हणाली. "रोज. मी मांगे बसले का बोलायची, कडेकडेन चला. ते बोलायचे, बाबांनी मना खाडीच्या तोंडाशी असांच शिकवलाय."

पाळीची माणसे फाटकातून आत जात होती. कोणी सायकली ढकलत होते, कोणी विडी विझवत होते. जानू गाडीवर तसाच बसून होता. त्याचा डावा हात हँडलवरून सुटून मांडीवर आला. मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताबा नव्हता सुटला."

मी स्कूटर स्टँडवर घेतली.

"मी शिकवला तसाच वलला तो," जानू म्हणाला.

भोंगा झाला. विमल पुढे झाली आणि तिने मघाशी मुठीत धरून चुरगळलेला सदरा खांद्यापाशी हाताने सारखा केला. "रात्री येऊ नका, मामा. मी मावशीकडं जाते."

"बरां," तो म्हणाला.

ती आत गेली. त्याने गाडी सुरू केली नाही. तिचे तोंड मुरब्याच्या दिशेला केले आणि हाताने ढकलत चालू लागला. मी बरोबर जाऊ का म्हणून विचारले, तेव्हा त्याने नुसता हात हलवला. तो रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने चालला होता, धुळीत उतरून, गाडी आणि गटार यांच्यामधल्या अरुंद जागेतून. वसाहत संपेपर्यंत मला दिसत होता. मागून ट्रक येत होते, सायकली येत होत्या. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

शिमग्याची होळी मुरब्याला झाली. दुसऱ्या दिवशी विमल छकुलीला घेऊन बोईसरला गेली. तिने काही म्हणण्याआधी जानूनेच ट्रंक डोक्यावर घेतली होती आणि एसटीच्या थांब्यावर तोच आधी जाऊन उभा होता. चंद्राबाई रडत होती, तिला तो म्हणाला, "गाव काय लांब हाय?" गाडी त्याने रामसूरतला देऊन टाकली. देण्याआधी बोईसरला नेऊन तिला आरसा बसवून घेतला. रामसूरतने पुष्कळ वर्षे ती वापरली. तो कडेकडेने वळे आणि आरशात पाही.

त्यानंतर अशा किती अपघातांच्या बातम्या लिहिल्या ते आठवत नाही. शब्द तेच असतात, कारण चार ओळींत दुसरे मावत नाहीत. एखादा माणूस पलीकडच्या बाजूला कसा गेला हे विचारायला गेले तर कुठवर जावे लागेल याचा अंदाज नसतो. कोणाच्या हाताला बैल असतील, कोणाच्या हाताला वाळू. कोणी प्रेमाने, जपून, पुन्हा पुन्हा करून घेऊन ती सवय लावलेली असेल.

या सगळ्याला आता दहा वर्षे होत आली. यंदा दिवाळीनंतर मुरब्याला गेलो. वलांड्या उभ्या राहिल्या आहेत, जरा विरळ. परत येताना एसटीत जानू तांडेल शेजारी येऊन बसला. आता तो फार म्हातारा झाला आहे, पण सुट्टीच्या दिवशी नातीसाठी सुके बोंबील घेऊन बोईसरला जाण्याचे त्याने सोडलेले नाही. पुडके मांडीवर होते. नात आता मोठ्या शाळेत जाते, सायकल चालवते, असे त्याने सांगितले. "कशी चालवते?" मी विचारले. "मी बगत नाय," तो म्हणाला.

खाजण आले. तिवरे होती तशीच आहेत. जानू बोलता बोलता थांबला. ड्रायव्हरने गाडी डाव्या कडेला घेतली आणि वळण जवळून घेऊ लागला. जानूचा डावा हात पुडक्यावर होता. उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला, अर्धवट मिटला, सुकाण धरल्यासारखा काखेशी आला, आणि त्याने तो हळूहळू डावीकडे ढकलला, सगळे बळ लावून, बाहेर जाण्यासाठी. गाडी आत वळली. तिवरांचे शेंडे खिडकीला घासले. समोरून काही आले नाही.

रस्ता सरळ झाल्यावर त्याने हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला. मग बाकावर पूर्ण अंग वळवून तो मागच्या काचेतून पाहत राहिला, वळण दिसेनासे होईपर्यंत.